चहातले थेंब

मामा चहाचा कप आधी नाकाजवळ न्यायचा. वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात फिरवायचा आणि म्हणायचा, "यात काहीतरी घातलंय." आजी ओट्याकडून न वळताच म्हणायची, "आलं घातलंय रे." आम्ही भावंडं सुट्टीत कऱ्हाडला आजोळी गेलो की हा रोज सकाळचा कार्यक्रम असायचा आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे तो आमच्यातला विनोदच झाला. कुणी जेवताना कुरकुर केली की बाकीचे ओरडायचे, "यात काहीतरी घातलंय!"

त्यात खरंच काहीतरी घातलेलं असायचं. हे मला सतराव्या वर्षी कळलं. फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे, थेंबांची एक छोटी बाटली असायची. बिनरंगाचं, बिनवासाचं, बिनचवीचं औषध. आजी दिवसातून दोनदा थेंब मोजून मामाच्या चहात घालायची. अकरा वर्षं घालत होती.

मामाला स्किझोफ्रेनिया आहे. आपल्या खाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय, हा संशय या आजारात इतका नेहमीचा आहे की डॉक्टर त्याबद्दल आवर्जून विचारतात. मामाच्या जुन्या कागदांवरही तो लक्षण म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे आमच्या घरात त्या चहाबद्दल खरं बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याचं ते खरं बोलणं हाच त्याच्या आजाराचा पुरावा होता.

तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसांच्या छळाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साखळी येते, कोंडलेली खोली येते, विजेचे झटके येतात. ते सगळं आहेच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण साखळी बरीच नंतर येते असं मला वाटतं. त्याच्या खूप आधी, बहुतेक वेळा प्रेमाच्या माणसांकडूनच, एक गोष्ट होऊन गेलेली असते. त्या माणसाचं बोलणं हे 'बोलणं' राहत नाही. ते लक्षण होतं.

आजीबद्दल मत बनवायच्या आधी थोडं मागचं ऐका. मामा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना हे सुरू झालं. शेजारच्यांच्या रेडिओवर आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटायला लागलं. मग झोप गेली, अंघोळ गेली, कॉलेज गेलं. आजोबांनी जो जे सांगेल ते केलं. देवरुषी झाला, अंगारे झाले, पौर्णिमेच्या वाऱ्या झाल्या. एका थंडीत तो पहाटे कृष्णेच्या घाटावर उघडाबंब बसलेला सापडला, तेव्हा माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी बसवली गेली. ती कडी अजून आहे. सिनेमात असतात तसे दारावर नखांचे ओरखडे वगैरे काही नाहीत. साधी लोखंडी कडी. बाकीच्या दारांना ती आतून आहे, या दाराला बाहेरून, एवढाच फरक.

सात महिने तो त्या खोलीत होता. ताट आत सरकवलं जायचं आणि तसंच परत यायचं. विष आहे म्हणायचा. फक्त आजीच्या हातचा चहा घ्यायचा. त्याच्यावर त्याचा विश्वास होता. अंगावर नुसती हाडं उरली तेव्हा त्याला पुण्याला एका डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या तो थुंकून टाकायचा. मग डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली आणि विचारलं, हा कुणाच्या हातचं काही घेतो का?

तर अशा रीतीने थेंब चहात गेले. ज्या एका गोष्टीवर त्याचा विश्वास होता, तिच्यात.

औषध लागू पडलं, हेही सांगायला हवं. महिन्याभरात तो जेवायला लागला. काही महिन्यांनी कडी निघाली. तो दाढी करायला लागला, मंडईत जायला लागला, मला सायकल शिकवणारा मामा मला मिळाला तो या थेंबांमुळे. आजी कधी कधी देवापुढे दिवा लावताना बाटलीलाही हात जोडायची असं आई सांगते. आणि याच काळात मामाला चहाचा संशय यायला लागला. त्याला नेमकं काय जाणवत असेल, मला माहीत नाही. जीभ जड व्हायची, हात थरथरायचे, दुपारी गाढ झोप यायची. आपल्या शरीरात काहीतरी बाहेरून येतंय, हे त्याला कळत होतं. आम्ही त्याला सांगत होतो की तुला भास होतोय.

2014 च्या पावसाळ्यात मामा म्हणायला लागला, "पोटात विष भिनलंय." दोन दिवस तो तेच म्हणत राहिला. आजीने आणि मोठ्या मामाने दुर्लक्ष केलं असं नाही. त्यांनी उपाय केला. 'परत वाढलंय' म्हणून थेंब वाढवले.

चौथ्या दिवशी तो तापाने फणफणला आणि पोट लाकडासारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटलं होतं.

शहरातल्या एका दवाखान्यात घाईघाईने ऑपरेशनची तयारी झाली. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी त्या नेहमी विचारतात तो प्रश्न विचारला, "कुठली औषधं चालू आहेत?" मामा स्ट्रेचरवर होता, शुद्धीत. आजी गप्प. मोठ्या मामाने डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि दाराबाहेर नेलं. मामाने ते पाहिलं. खोलीत त्याच्याजवळ मी एकटीच होते. त्याने विचारलं, "बाहेर काय सांगतायत गं?"

मी म्हणाले, "काही नाही. पैशांचं बोलतायत."

मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. बाटलीचं तर मला धड माहीतही नव्हतं, आई रडत रडत पाच मिनिटांपूर्वी काहीतरी पुटपुटली होती तेवढंच. तरी ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलं, जणू मी त्याची तालीम केली होती. एक प्रकारे केलीच होती. अकरा वर्षं मी त्या घरात हसत होते.

ऑपरेशननंतर त्याचे दोन्ही हात गॉझच्या पट्टीने पलंगाला बांधले होते. नळ्या ओढू नये म्हणून. कधी कधी दुसऱ्या रुग्णांनाही तसं करतात, हे मान्य. पण शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचे हात बांधताना नर्सने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, थोडा वेळ हं." मामाला कुणी काही सांगितलं नाही. राउंडला आलेले डॉक्टर त्याच्या उशाशी उभे राहून त्याची विचारपूस आम्हाला करायचे. झोप लागली का त्यांना? दुखतंय का त्यांना? तिसऱ्या दिवशी शिकाऊ डॉक्टर असलेली एक मुलगी आली. तिला बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. तिने सरळ त्यालाच विचारलं, "काका, कुठे दुखतंय?" त्याने बांधलेल्या हाताचं एक बोट वर केलं आणि म्हणाला, "आधी हे."

वैद्यकात या प्रकाराला नाव आहे, डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग. एका आजाराची सावली इतकी मोठी पडते की दुसरा आजार दिसतच नाही. छातीत कळ आली तर ती घबराट, पोटात दुखलं तर तो भ्रम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं लवकर मरतात, आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी होतात. यामागे गरिबी आहे, औषधांचे दुष्परिणाम आहेत, तंबाखू आहे. पण 'हा सांगतोय ते खरं धरायचं कारण नाही' हेही त्यात आहे.

मिरांडा फ्रिकर नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 2007 साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, एखाद्याला त्याच्या बोलण्याची जी किंमत मिळायला हवी ती तो कोण आहे यावरून कमी केली जाते, तेव्हा तो केवळ गैरसमज नसतो, अन्याय असतो. जाणणारा माणूस म्हणून त्याला खाली ढकललेलं असतं. मी ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो कपाचा वास घेणारा मामा.

या अन्यायाचा एक विचित्र पुरावा इतिहासात आहे. 1887 साली न्यूयॉर्कमध्ये नेली ब्लाय या तरुण पत्रकार मुलीने वेडाचं सोंग घेतलं आणि ब्लॅकवेल्स बेटावरच्या बायकांच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस काढले. सडकं अन्न, बर्फासारख्या पाण्याच्या अंघोळी, मारहाण. तिने ते छापलं, शहर हादरलं, चौकशी झाली, इस्पितळांना जास्त पैसा मिळाला. पुढे 1973 मध्ये डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाने खोटे रुग्ण अमेरिकेतल्या इस्पितळांत पाठवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि पुन्हा खळबळ उडाली. (रोझेनहानच्या प्रयोगाबद्दल सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी 2019 च्या पुस्तकात गंभीर शंका घेतल्या आहेत, त्यामुळे त्यावर मी फार भार टाकत नाही.) मला खटकतं ते वेगळंच. ब्लॅकवेल्स बेटावर शेकडो बायका वर्षानुवर्षं होत्या. त्या बोलत नव्हत्या का? बोलतच होत्या. जगाने विश्वास ठेवला तो दहा दिवस खोटं वेड पांघरलेल्या शहाण्या मुलीवर.

आपल्याकडे शीला बारसे यांनी हेच काम निराळ्या वाटेने केलं. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कोणताही गुन्हा नसलेली माणसं केवळ 'वेडी' म्हणून ठेवली जात होती. त्यांना सरकारी भाषेत 'नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक' असा शब्द होता. बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1993 मध्ये न्यायालयाने हे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं. विचार करा, तुरुंगात बसून 'मी काही केलेलं नाही' म्हणणारा माणूस. इतर कैद्यांच्या बाबतीत हे वाक्य तपासलं तरी जातं. याच्या बाबतीत तर कागदही तेच सांगत होता की याने काही केलेलं नाही, तरी तो आत होता.

आणि 'मी आता बरा आहे' हे वाक्य? महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. बरी झालेली, पण न्यायला कुणी न आलेली माणसं अशा ठिकाणी वर्षानुवर्षं राहतात. घरच्यांचा पत्ता बदललेला असतो, कधी मुद्दाम. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सुनावलं, कारण बऱ्या झालेल्या अशा रुग्णांना मनोरुग्णालयातून उचलून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात होतं. बरं झाल्याचं बक्षीस म्हणून भिकारी ठरवणं. यापेक्षा कडवट विनोद मला तरी सुचणार नाही.

विनोदावरून आठवलं. आपण प्रत्येक जण राहतो त्या भागाप्रमाणे एकेक गाव वापरतो. पुण्यात 'याला येरवड्याला टाका', मुंबईत 'ठाण्याला भरती करा'. मी कॉलेजात असताना आमच्या वॉट्सॅप ग्रुपचं नावच 'येरवडा' होतं. मीच ठेवलं होतं, मामाची भाची असून. ही भाषा बंद करा असा फतवा काढायचा माझा विचार नाही. शब्दावर बंदी घालून माणसाकडे बघायची नजर बदलत नाही, 'मनोरुग्ण' हा सभ्य शब्दही शिवीसारखा म्हणता येतो. फक्त या विनोदात एक गोष्ट गृहीत असते: तिथे गेलेला माणूस परत येऊन आपल्याला काही ऐकवणार नाही.

आता साखळी.

6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला एका खासगी 'मेंटल होम'च्या झोपडीवजा शेडला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण मेले. एरवाडीला एक दर्गा आहे. तिथे राहिल्याने मनाचे आजार बरे होतात या श्रद्धेने दूरदूरहून लोक यायचे, आणि त्यांच्या भोवती अशी अनेक 'होम्स' उभी राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशी ठिकाणं बंद झाली. तरी 2019 च्या सुरुवातीला त्याच न्यायालयाला उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधल्या साखळदंडांबद्दल पुन्हा बोलावं लागलं.

एरवाडीबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की त्या माणसांना तिथे बहुतेक घरच्यांनीच आणून ठेवलं होतं. कर्ज काढून, आशेने. ती दुष्ट माणसं नव्हती. माझे आजोबा एरवाडीच्या वाटेवर होते आणि वाटेत त्यांना पुण्याचे डॉक्टर भेटले, एवढाच त्यांच्यात आणि त्या बापांमध्ये फरक. कडी आणि साखळी यांच्यातला फरक लांबीचा आहे.

इथे कुणीतरी म्हणतं की जुन्या काळी गाव वेड्यांना सांभाळून घ्यायचं, ही सगळी आधुनिक जगाची देणगी आहे. मलाही असं वाटायला आवडलं असतं. तेराव्या शतकात ऋद्धिपुरात गोविंदप्रभू होते, चक्रधरांचे गुरू. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या आहेत. ते कुणाच्याही घरात शिरत, हवं ते उचलून खात, वाटेल तसं वागत, लोक त्यांना उघड वेडे म्हणत आणि तरी त्यांच्यासाठी दार उघडं असे. 1878 मध्ये शेगावात गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. पोथी सांगते की बंकटलालाने थांबून चौकशी केली आणि ताट मागवलं.

या दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. पण त्या गावाच्या सहनशीलतेचा पुरावा नाहीत असं मला वाटतं. त्यांच्या वागण्यामागे काही अर्थ असावा अशी कुणाला तरी शंका आली, म्हणून ते वाचले. ज्यांच्याबद्दल अशी शंका आली नाही, त्यांची पोथी झाली नाही. माणसाला नीट वागवायला तो देव असण्याची अट असेल तर माझ्या मामाचं काय? तो देव नाही. त्याच्या बडबडीत गूढ अर्थ नाही. रेडिओवर त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तो चुकत होता. बरंच चुकत होता, आणि काही गोष्टींत बरोबर होता. आपल्यासारखाच, फक्त प्रमाण वेगळं.

शंकेचा फायदा मात्र त्याला मिळायला हवा होता. नेली ब्लायला मिळाला, बंकटलालाने दिला, तेवढाच.

आता सगळ्यात अवघड भाग. ऑपरेशननंतर आम्ही घरी आलो आणि मी आजीशी भांडले. सतराव्या वर्षी माणूस जितका न्यायी असतो तितका नंतर कधीच नसतो. मी म्हणाले, तू त्याला फसवलंस. आजी भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतलं असतं का त्यानं? आणि घेतलं नसतं तर आज तू कुणाच्या बाजूनं भांडली असतीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि पूर्ण उत्तर आजही नाही. ज्या सात महिन्यांत तो उपाशी मरत होता तेव्हा त्याचं 'नको' हे खरंच त्याचं होतं का? विषाच्या भीतीने नाकारलेलं अन्न म्हणजे स्वातंत्र्य, असं मला म्हणवत नाही. कधी कधी माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याला वाचवावं लागतं. जे म्हणतात की कधीच नाही, त्यांनी रात्री तीन वाजता घाटावर कुणाला शोधलेलं नसतं.

पण जबरदस्ती आणि फसवणूक यांत मला फरक दिसतो, आणि आपण समजतो त्याच्या उलटा. आपल्याला फसवणूक सौम्य वाटते. ना ओढाताण, ना आरडाओरडा, थेंब पडतात, चहा पिऊन होतो. कांटने खोट्या वचनाचं उदाहरण घेऊन म्हटलं आहे की फसवल्या जाणाऱ्या माणसाला माझ्या वागण्याला संमती देताच येत नाही. चहाचंही तेच आहे. काय चाललंय तेच मामाला ठाऊक नव्हतं, तर तो हो म्हणणार कशाला आणि नाही म्हणणार कशाला? धरून इंजेक्शन दिलं असतं तर तो ओरडला असता, त्याने शिव्या दिल्या असत्या, आणि पुढे बरं वाटल्यावर तो विचारू शकला असता की तेव्हा तुम्ही मला का धरलंत. त्याला भांडायला काहीतरी उघड उरलं असतं. थेंबांनी तेही ठेवलं नाही. शिवाय जबरदस्तीला शेवट असतो. लपवाछपवीला शेवट करायचा तर ती आधी कबूल करावी लागते, म्हणून ती अकरा वर्षं चालते.

पहिला महिना मी आजीला माफ करते. खरं तर माफ करणारी मी कोण, पण समजा. उरलेल्या दहा वर्षं अकरा महिन्यांचं काय? तेव्हा तो मंडईतून हिशोबाने भाजी आणत होता, मला सायकल शिकवत होता. त्या काळात एकदाही, एखाद्या बऱ्या दिवशी, त्याला सांगून का बघितलं नाही? कारण सोय झाली होती. आणि सोय झाली की माणूस बरा झालाय हे कुणाला दिसत नाही.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा याच ठिकाणी मला शहाणा वाटतो. 2018 पासून तो लागू आहे. साखळीला त्यात सरसकट बंदी आहे. भूल न देता झटके देता येत नाहीत, डोकं सक्तीने भादरता येत नाही. बांधून ठेवायचंच झालं तर तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, आणि शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. घरी न्यायला कुणी नाही एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात ठेवता येत नाही. पण मला सगळ्यात आवडतं ते चौथ्या कलमातलं एक साधं वाक्य, जे माझ्या भाषेत असं: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही.

त्याच कायद्यात आगाऊ लिहून ठेवण्याचीही सोय आहे. माणूस भानावर असताना लिहू शकतो की उद्या माझं भान सुटलं तर मला काय उपचार द्या, काय देऊ नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. ग्रीक गोष्टीतला युलिसिस आपल्या खलाशांना सांगतो की मला डोलकाठीला बांधा, आणि सायरनांचं गाणं ऐकून मी 'सोडा' म्हणून ओरडलो तर आणखी घट्ट आवळा. दोरी तीच. पण बांधा म्हणून त्यानेच सांगितलेलं होतं.

हे कागदावर. प्रत्यक्षात घराच्या उंबऱ्याच्या आत कायदा फारसा पोचत नाही, आणि तालुक्याच्या गावी मनाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटला तरी नशीब. आजी म्हणेल, तुझा कायदा रात्री तीन वाजता येतो का? नाही येत. त्यामुळे बाटल्या पोह्यांच्या डब्यामागे राहणार. मी कुठल्या घरावर केस करा म्हणत नाही. बऱ्या दिवशी बाटली टेबलावर ठेवता येते, एवढंच म्हणते.

आमच्याकडे ती आजीनेच ठेवली. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, दिवाळीच्या आधी. मी तिथे नव्हते, आईने सांगितलं. चहाचा कप आणि शेजारी बाटली. मामाने बाटली उचलून नाव वाचलं. विचारलं, "किती वर्षं?" आजीने सांगितलं. तो उठून माडीवर गेला आणि त्याने दाराला आतून काहीतरी लावून घेतलं. दोन दिवस खाली आला नाही. घरात सगळ्यांना वाटलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाला, डॉक्टरकडे मी एकटा आत जाणार.

त्यानंतर सगळं छान झालं असं नाही. तो गोळ्या घेतो, मधेच बंद करतो, एकदा पंधरा दिवस इस्पितळात होता, भांडून गेला आणि भांडून आला. आजीशी तो जवळजवळ वर्षभर बोलला नाही. ती गेली तेव्हा खांदा द्यायला मात्र पुढे होता. तिने आपल्याला वाचवलं असं तो म्हणतो, आणि तिने आपल्याला वेडं ठरवलं असंही म्हणतो. मी त्याला आता दोन्हींतलं एक निवडायला सांगत नाही.

दवाखान्यातल्या त्या खोट्याबद्दल मी त्याला गेल्या वर्षी सांगितलं. म्हणाला, "पैशांचं नव्हतं ते कळलं होतं मला. पैशांसाठी दादा कुणाला बाहेर नेत नाही, सगळ्यांसमोर ओरडतो."

तो घरात कुणाच्या हातचा चहा घेत नाही. त्याचं पातेलं वेगळं, गाळणं वेगळं. मी गेले की मला विचारतो, साखर किती. मग आलं किसतो, माझ्यासमोर.